निखळणारा खांदा

व्याख्यानमालेचे चालक विषय ठरवावयास आमच्याकडे आले, तेव्हा डिलाईल रोडवरचे व्याख्यान म्हणजे गिरण्यांचा, संपांचा, फार तर शाहिरांचा इतिहास असणार, असे ते धरूनच आले होते. आम्ही म्हटले, खांद्याचा इतिहास सांगतो. विषय त्यांना एकदम पसंत पडला. खांद्याला खांदा लावून लढलेल्या कामगारांविषयी आम्ही बोलणार, असा त्यांचा समज झाला. तेव्हा प्रारंभीच खुलासा केलेला बरा. आम्ही बोलणार आहोत तो हाडामासाच्या खांद्याविषयी. आणि त्यातही जो एकदा जागचा सुटला की पुन्हा पुन्हा सुटत राहतो, त्या खांद्याविषयी. आम्ही शस्त्रवैद्य नाही, इतिहास वाचणारे आहोत. परंतु या विषयाने आम्हांला अनेक वर्षे सोडलेले नाही, आणि त्याला कारण आमच्या चाळीतले एक गृहस्थ आहेत.

ही १९८२ च्या संपापूर्वीची गोष्ट. हे गृहस्थ एका गिरणीत साच्यावर होते. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. ऐन विशीत कबड्डी खेळताना त्यांचा उजवा खांदा निखळला होता. तालमीतल्या वस्तादांनी तो बसवला, आणि बसला म्हणून सर्वांनी वाहवा केली. पुढे तो वर्षातून दोनदा तीनदा निखळू लागला. रेल्वेच्या डब्यात वरची कडी धरली आणि धक्का बसला की निखळे. झोपेत हात डोक्यामागे गेला की निखळे. एकदा तर सदरा चढवताना निखळला. मामा तसेच भिंतीला टेकत, डाव्या हाताची मूठ उजव्या बगलेत घालीत, कोपर छातीकडे ओढीत, आणि तोंडातून एक विचित्र आवाज निघून खांदा जागेवर जाई. मग तासाभराने ते चहा पीत बसलेले दिसत. त्यामुळे घडे असे की, दुसऱ्या दिवशी खाडा झाला म्हणजे खात्यात कोणाचा विश्वास बसत नसे. काल निखळलेला खांदा आज दिसत नाही. हाताला पट्टी नाही, प्लास्टर नाही. ‘सोंग आहे’ हा शब्द आम्ही प्रथम मामांच्या संदर्भात ऐकला. पुढे त्यांना साच्यावरून काढून झाडूकामाला लावले. गिरणीचे नाव आम्ही सांगत नाही. त्या काळी कोणत्याही गिरणीत याहून वेगळे घडले असते असे आम्हांला वाटत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. निखळलेला खांदा बसवणे ही एक विद्या, आणि बसवलेला खांदा जागेवर राखणे ही दुसरी. पहिली विद्या निदान तीन हजार वर्षांची आहे आणि ती सर्व देशांत होती. दुसरी जेमतेम शंभर वर्षांची. या दोहोंमधल्या काळात ज्यांचे खांदे ढिले राहिले, त्यांनी नुसते दुखणे सोसले असे नव्हे. आपण खरे बोलतो हे सिद्ध करण्याचे ओझेही त्यांच्यावरच होते.

प्रथम सांधा समजून घेऊ. मांडीचे हाड कमरेच्या हाडात बसते ते वाटीत गोटी बसावी तसे. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चांगले मोठे, वाटोळे. आणि खवाट्याची ज्या भागाशी गाठ पडते ती खळी लहान आणि उथळ. बशीवर लिंबू ठेवावा असा प्रकार. लिंबाचा फार तर तिसरा हिस्सा कोणत्याही क्षणी बशीला टेकलेला असतो. बशीच्या कडेने चिवट कूर्चेचा एक ओठ असतो. त्याने खळी थोडी खोल होते. सांध्याभोवती बंधांची पिशवी असते. आणि तिच्यावरून चार स्नायूंचे कंद येऊन, मूठ वळावी तसे, हाडाचा गोळा बशीवर दाबून धरतात. निसर्गाने ही अशी कसरत का केली? कारण सोपे आहे. मांडी फार हलत नाही, हात मात्र पाठीला लागतो, डोक्यावर जातो, वर्तुळ काढतो. साच्यावर वाकून तुटलेला धागा जोडणारा, मल्लखांबाला बगल मारणारा, फळीवरचा डबा काढणारी, या सर्वांची सोय या उथळ बशीने केलेली आहे. सोयीची किंमत म्हणजे मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळणारा सांधाही हाच.

तो निखळतो बहुतेक पुढच्या अंगाने, शंभरांत ९५ हून अधिक वेळा. हात वर आणि मागे गेलेला असावा, पंजा बाहेर वळलेला असावा, आणि त्यावर हिसका बसावा. चढाई करणारा गडी निसटता निसटता हात लांबवतो आणि साखळी मागून तो हात धरते, ते चित्र आठवा. अथवा गाडी सुटताना दांडा पकडून लोंबकळणारा प्रवासी आठवा. लोअर परळ आणि करी रोड ही दोन स्थानके आपल्या रस्त्याच्या दोन अंगांना आहेत, तेव्हा ते चित्र शोधावयास दूर जाणे नको.

आता इतिहास. मिसर देशात, नाईलच्या पश्चिम तीरावर, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे एक गाव होते. त्याला आज देर अल-मदीना म्हणतात. तेथे इपुय नावाच्या मूर्तिकाराचे थडगे आहे, दुसऱ्या रामसेसच्या काळातले, म्हणजे इ. स. पूर्व तेराव्या शतकातले. त्याच्या भिंतीवर कामाचा देखावा रंगवला आहे. त्यात एका कामगाराच्या डोळ्यावर कोणी उपचार करीत आहे, आणि दुसरा एक मनुष्य खाली असलेल्या कामगाराचा हात कोपरात वाकवून धरतो आहे. निखळलेला खांदा बसवला जात आहे, असा या चित्राचा अर्थ जाणत्यांनी लावलेला आहे. राजाचा किंवा योद्ध्याचा खांदा चितारला असता तर नवल नव्हते. कामावर जायबंदी झालेल्या मजुराचा चितारला, ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते.

त्याच गावच्या दगडाच्या चिपा सापडल्या आहेत, त्यांवर हजेरीपट आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातली एक मोठी चीप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीवर चाळीस कामगारांची नावे, खाड्यांचे दिवस आणि खाड्यांची कारणे लिहिली आहेत. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणाच्या घरी मर्तिक, कोणी बियर गाळीत होता. गिरणगावातला कोणीही कारकून ही चीप वाचील तर त्याला ओळख पटेल. आणि जाता जाता सांगावयास हरकत नाही की, कामगारांनी काम बंद पाडल्याची जगातली सर्वांत जुनी नोंदही याच गावची आहे. तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या २९ व्या वर्षी धान्याचा शिधा वेळेवर आला नाही, म्हणून हे लोक हत्यारे टाकून देवळामागे जाऊन बसले. चालकांना संपाचा इतिहास हवा होता. तो असा आला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हाडे मोडण्याचा आणि सांधे सुटण्याचा विचार वेगवेगळा केला आहे. सुटलेल्या सांध्यांचे सहा प्रकार निदानस्थानात सांगितले आहेत, आणि चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अंगागणिक उपचार आहेत. खांद्याचा सांधा सुटला असता बगलेत मुसळ घालून ती वर उचलावी, आणि सांधा ठिकाणावर आला म्हणजे जाणत्याने स्वस्तिकबंध बांधावा, असे तेथे सांगितले आहे. स्वस्तिकबंध म्हणजे फुलीसारखा आडवा-तिरपा गेलेला पट्टा. मुसळ! शस्त्रवैद्याच्या पेटीत नसलेली, पण दरेक घराच्या कोपऱ्यात उभी असलेली वस्तू. बगलेत टेकू द्यावयाचा, हात खाली ओढावयाचा, म्हणजे तरफेने गोळा वर उचलला जातो. यात आजच्या यंत्रशास्त्राला चुकीचे वाटेल असे काही नाही.

परंतु आम्हांला मुसळाहून महत्त्वाची वाटतात ती पुढची वाक्ये. सांधा किती दिवसांत ‘स्थिर’ होतो, याचा हिशेब सुश्रुताने वयावर दिला आहे. पहिल्या वयात एक महिना, मधल्या वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. आजचे डॉक्टर अस्थिर खांदा म्हणतात, तो शब्द इतका जुना आहे. आणि हाताचा पंजा दुखावला असता बरा झाल्यावर प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असा चढता क्रम सांगितला आहे. तो पंजासाठी आहे, खांद्यासाठी नव्हे, हे मान्य. पण बसवणे संपले तरी काम संपत नाही, पुढे बळ भरून काढावे लागते, हे ज्याने ओळखले त्याने अर्धी वाट चालली होती. वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात, १९४१ पासून, ही संहिता शिकवली जाते. आपल्या रस्त्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस हा इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला. त्याच्या नावावर असलेला सांध्यांवरचा ग्रंथ जवळजवळ खांद्यापासूनच सुरू होतो. तो बगलेत टाच देऊन हात ओढतो. धिप्पाड माणसाच्या खांद्यावर रोग्याला लोंबकळवतो. शिडीच्या पायरीवरून, दाराच्या फळीवरून हात टाकून बसवतो. आणि गंमत अशी की, तोही मुसळासारख्या दांडक्याचा टेकू सांगतो. कोणी कोणाचे घेतले, हा वाद पंडितांनी घालावा. आमच्या मते, ज्या घरात धान्य कांडले जाते त्या घरात ही युक्ती कोणालाही सुचेल.

हा ग्रंथ वाचताना आम्ही एके ठिकाणी थबकलो. ज्यांचा खांदा वारंवार निखळतो ते बहुधा स्वतःच तो बसवतात. दुसऱ्या हाताच्या मुठीची पेरे बगलेत देऊन वर दाबतात आणि कोपर छातीकडे आणतात, असे हिपोक्रेटीस लिहितो. म्हणजे आमचे मामा! चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात त्यांचे चित्र होते, आणि त्यांनी तो ग्रंथ कधी पाहिला नव्हता. पुढे तो असेही लिहितो की, या दुखण्यामुळे कित्येकांना व्यायाम सोडावा लागला, कित्येक युद्धात निरुपयोगी ठरले आणि त्यामुळे प्राणाला मुकले. हिवाळ्याअखेर रोडावलेल्या बैलांचे सांधे लवकर निखळतात, तसेच कृश माणसांचे, हेही त्याने पाहिले होते. यावर त्याचा उपाय मात्र कठोर. बगलेतली कातडी चिमटीत धरून बारीक लाल सळईने डागावयाची, आणि मग हात कित्येक दिवस रात्रंदिवस अंगाशी बांधून ठेवावयाचा. वण आकसला म्हणजे गोळा ज्या मोकळ्या जागेत घसरतो ती जागा बुजेल, असा त्याचा हिशेब. उपाय रानटी वाटेल, पण प्रश्न बरोबर होता. खांदा नुसता बसवून भागत नाही. ज्या वाटेने तो बाहेर जातो ती वाट बंद केली पाहिजे.

यानंतरची दोन हजार वर्षे आम्ही एका उडीत ओलांडतो. कारण वाट बंद करण्याच्या बाबतीत त्या काळात फारसे काही घडले नाही. बसवण्याच्या कृती मात्र वाढल्या. १८७० साली स्वित्झर्लंडातील बर्न येथील थिओडोर कोखर याने आपली कृती प्रसिद्ध केली: कोपर वाकवून अंगाशी आणावे, हात हळूहळू बाहेर वळवावा, कोपर पुढे उचलावे, आणि मग हात आत वळवावा. ओढाताण नाही, टाच नाही. इपुयच्या भिंतीवरचे चित्र याच कृतीचे असावे, असे पुष्कळांना वाटते. कोखरला पुढे १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते गळ्यातील ग्रंथीवरच्या कामासाठी. खांदा बसवून नोबेल मिळत नाही.

आमच्या तालमीतले वस्ताद टाच देत, म्हणजे हिपोक्रेटीसच्या संप्रदायातले होते. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. रात्री-अपरात्री, पैसा न घेता, त्यांनी अनेकांचे सांधे बसवले. परंतु आदरापोटी खोटे बोलू नये. खांदा निखळला की नाही, की निखळण्याबरोबर हाडही मोडले आहे, हे हाताच्या स्पर्शाने नेहमी कळत नाही. उतारवयात हाड ठिसूळ असते आणि जोर केला की मोडते. बगलेतून रक्तवाहिनी जाते, मज्जातंतू जातात. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, तेव्हापासून अंधारात ओढण्याचे समर्थन कमी कमी होत गेले. आणि मामांच्या खांद्याचे मूळ दुखणे वस्तादांच्या किंवा कोखरच्या आवाक्यातले नव्हतेच.

आता डिलाईल रोडवर येऊ. या रस्त्याला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. बोलण्यात मात्र डिलाईल रोड अजून गेलेला नाही. मथुरादास, अपोलो या गिरण्या याच रस्त्यावर. रेल्वेचा डबेदुरुस्तीचा कारखाना येथेच. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ३२ चाळी येथे होत्या. या चाळींतून निघालेले हात सुताच्या गासड्या उचलीत, साच्यावर बीम चढवीत. जुन्या गिरण्यांत तर छताच्या दांड्यावरून फिरणारे पट्टे असत, आणि त्यात बाही सापडली म्हणजे हाताचे काय होई ते सांगण्याची गरज नाही.

ज्यांचे नाव रस्त्याला दिले ते नारायण मल्हार जोशी १८७९ साली जन्मले आणि १९५५ साली वारले. भारत सेवक समाजाचे सभासद, १९११ साली सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक, १९२० साली निघालेल्या आयटकच्या उभारणीतले प्रमुख. आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बोलणारे सरकारनियुक्त सभासद. त्यांच्या त्या कारकीर्दीत, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व या देशात त्या कायद्याने आले.

त्याच १९२३ साली लंडनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात एक छोटा लेख आला. लेखक आर्थर सिडनी ब्लंडेल बँकार्ट. जन्म १८७९, जोशींच्याच वर्षीचा. योगायोगाला आम्ही अर्थ चिकटवीत नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असे वाटते. तोपर्यंत वैद्यक पुस्तकांत अशा खांद्याला ‘सवयीने निखळणारा’ म्हणत. बँकार्टच्या लेखाच्या मथळ्यातही तो शब्द आहे. सवय! जणू विडीची सवय, उशिरा उठण्याची सवय. शब्दातच आरोप होता. सांध्याची पिशवी सैल पडली असावी, स्नायू दुबळे असावेत, असे मानून शल्यवैद्य पिशवीला टाके घालून ती आवळीत, आणि खांदा पुन्हा निखळे. बँकार्टने सांधा उघडून पाहिला. त्याला दिसले की, खळीचा तो कूर्चेचा ओठ पुढच्या कडेवरून सुटून लोंबतो आहे. कड फुटलेल्या बशीवरून लिंबू घरंगळावे, तसा गोळा तेथून घसरतो. आणि सुटलेला ओठ आपोआप परत चिकटत नाही. त्याने तो ओठ हाडाला पुन्हा शिवला. १९३८ साली त्याने २७ रोग्यांची हकीकत दिली. एकाचाही खांदा पुन्हा निखळला नव्हता. हा व्रण आणि हे टाके आपल्या आधी, १९०६ साली, जर्मनीच्या पेर्थेसने सांगितले होते, याचीही नोंद केली पाहिजे. श्रेय मात्र बँकार्टच्या नावावर स्थिरावले.

या शोधाने शस्त्रक्रिया सुधारली, हे सर्वच सांगतात. आम्ही त्यात आणखी एक भर घालू. या शोधाने रोगी निर्दोष ठरला. जे दुखणे सवयीचे, मनाचे, सोंगाचे वाटत होते, त्याला बोट दाखवता येईल अशी जखम सापडली. १९४० साली हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी दुसरी खूण दाखवली. गोळा बाहेर निसटून खळीच्या कडेवर आदळतो, तेव्हा गोळ्याच्या मागच्या बाजूला खोक पडते, आणि ती चित्रात दिसते. म्हणजे खांदा जागेवर बसल्यावरसुद्धा, तो निखळला होता याचा पुरावा हाडावर उरतो.

आणि कायदा? १९२३ च्या कायद्याला एक यादी जोडलेली होती. उजवा हात कोपराशी किंवा वर तुटला तर कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे धरावे, डावा तुटला तर ६०, अंगठा गेला तर २५, एक डोळा गेला तर ३०. यादी गेलेल्या अवयवांची होती. जो अवयव अंगावर आहे पण भरवशाचा नाही, त्याला या यादीत रकाना नव्हता. अशा कामगाराने आपली कमाईची शक्ती किती घटली ते वेगळे सिद्ध करावयाचे होते. कायदा करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. हात तुटणाऱ्यांनाही ज्या देशात काही मिळत नव्हते, तेथे ही यादी फार मोठी गोष्ट होती. पण लंडनमध्ये सापडलेली जखम मुंबईच्या गेटावर पोचण्यास पुष्कळ वर्षे लागली. वास्तविक परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून येथे उभे आहे; गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी, अध्यापक हिंदी असले पाहिजेत, अशी अट घालून देणगी दिली होती, तीतून त्याचे महाविद्यालय निघाले. १९४८ साली कामगार विम्याचा कायदा झाला आणि आजारपणात काही पैसे हातात पडू लागले. मामांच्या वेळी या दोन्ही गोष्टी होत्या. मग ते का गेले नाहीत? आम्ही त्यांना विचारले होते. ते म्हणाले, शस्त्रक्रियेनंतर साच्यावर परत यावयास पाच-सहा महिने लागतात. तोवर साच्यावर बदलीवाला उभा राहील, आणि मग तोच राहील.

पुढच्या शोधांची हकीकत भराभर सांगतो. पुत्ती आणि प्लॅट यांच्या नावाची शस्त्रक्रिया १९४८ साली प्रसिद्ध झाली. तीत पुढचा स्नायू आणि पिशवी एकावर एक दुमडून आवळीत. खांदा निखळणे थांबे, पण हात बाहेर वळणेही थांबे, आणि काही वर्षांनी सांधा झिजे. चोर येऊ नये म्हणून दाराला विटा लावण्याचा हा प्रकार. १९५४ साली फ्रान्समध्ये लिआँच्या लातार्जेने खवाट्याचे चोचीसारखे हाड, त्यावरच्या कंदासह, कापून खळीच्या पुढच्या कडेवर स्क्रूने बसवले. फुटलेल्या बशीला नवी कड लावली. टोकियोच्या ताकागीने १९१८ साली मृताच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले होते. त्या विद्येतून पुढे, १९८० नंतर, खांद्याचा ओठ दोन-तीन छिद्रांतून शिवता येऊ लागला. तेव्हा उत्साह फार झाला. २००० साली बर्कहार्ट आणि दे बीर या दोघांनी आपल्या १९४ शस्त्रक्रियांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला: हाड शाबूत होते त्यांत पुन्हा निखळण्याचे प्रमाण ४ टक्के, हाड बरेच झिजले होते त्यांत ६७ टक्के. म्हणजे लातार्जेला मोडीत काढून चालणार नव्हते.

दोन गोष्टींनी आमचाही एक ग्रह दूर झाला. आम्हांला वाटे, मामांना पहिल्या वेळी तीन आठवडे हात बांधून ठेवता आला असता तर पुढचे टळले असते. स्वीडनमध्ये होव्हेलियस याने १९७८ पासून हेच तपासले. काहींचा हात तीन-चार आठवडे बांधला, काहींचा मोकळा ठेवला, आणि २५ वर्षे पाठ सोडली नाही. फरक पडला नाही. ठरवणारी गोष्ट मुख्यतः वय. बॉस्टनच्या कार्टर रोने १९५६ सालीच दाखवले होते की, विशीच्या आत ज्याचा खांदा प्रथम निखळतो त्याचा बहुधा पुन्हा निखळतोच, चाळिशीनंतर क्वचित. स्वीडनच्या पाहणीत मात्र, शस्त्रक्रिया न करताही, तरुणांपैकी जवळजवळ निम्म्यांचे खांदे एक तर पुन्हा निखळले नाहीत किंवा काळाने स्थिर झाले. म्हणून प्रत्येकाला लगेच टेबलावर घ्यावे, असेही नाही.

दुसरी गोष्ट १९८० ची. न्यूयॉर्कचे नीअर आणि फॉस्टर यांनी दाखवले की, काही खांदे पुढे, मागे, खाली, असे सर्व बाजूंनी ढिले असतात. त्यांत ओठ सुटलेला नसतो, एखादा मोठा अपघातही झालेला नसतो. त्यांवर पहिला उपाय व्यायामाचा, तोही महिनोन् महिने. खवाटा आणि ती चार स्नायूंची मूठ यांना बळ देण्याचा. शस्त्रक्रिया नंतर, तीही वेगळी. बहुधा या मुलामुलींना आजही घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेले नाही.’

गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गेल्या, त्या परत आल्या नाहीत. बीडीडी चाळींच्या जागीही आता मनोरे चढू लागले आहेत. खांदे मात्र राहिले. कबड्डीचे सामने आहेत, गल्लोगल्ली व्यायामशाळा आहेत, आणि गोपाळकाल्याला एकमेकांच्या खांद्यांवर थर चढतात. दहीहंडीला २०२२ साली राज्य सरकारने साहसी खेळ म्हणून मान्यता दिली, तेव्हा हे खांदे आता कोणाच्या जमाखर्चात धरावयाचे, हा प्रश्न काही काल्पनिक नव्हे. डॉक्टरांची एक परीक्षा येथे सांगण्याजोगी आहे. रोग्याला उताणे निजवून हात कोपरात वाकवतात, बाजूला उचलतात, आणि हळूहळू मागे वळवतात. पाहतात ते त्याच्या तोंडाकडे. खांदा खरोखर अस्थिर असेल तर तो निखळण्याआधीच चेहऱ्यावर भीती येते, अंग आखडते, दुसरा हात अडवावयास येतो. ही भीती म्हणजेच लक्षण. आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा मामांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. बीम चढवताना तो असाच होत असे, आणि खात्यातले लोक हसत.

शेवटी आपण विचाराल म्हणून सांगतो. खांदा निखळला तर ओढू नका, मुरडू नका. हात ज्या स्थितीत सोसतो त्याच स्थितीत झोळीत ठेवा आणि रुग्णालयात जा. बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर, दोन्ही वेळा क्ष-किरण चित्र घेतात. ते घेऊ द्या, आणि जपून ठेवा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा वाटत असेल तर सांगा. तेथला मज्जातंतू ताणलेला असू शकतो. विजेचा धक्का किंवा फेपऱ्याचा झटका येऊन खांदा दुखू लागला असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण अशा वेळी तो मागच्या अंगाने निखळतो आणि समोरून घेतलेल्या एका चित्रात चुकून सुटतो. चाळिशीच्या पुढचे असाल आणि बसवल्यावर हात वर जात नसेल, तर कंद फाटला आहे का ते तपासून घ्या. तारीख, वेळ आणि हात कसा होता हे कागदावर लिहून काढा. मामांच्या खांद्याचा असा एकही कागद नव्हता.